सुकती

निघताना नणंदेच्या नवऱ्याने कागद काढला,
पनवेलहून छापून आणलेला.
साडेदहा: मोठी घसरगुंडी. बारा: लाटांचा तलाव.
एक ते पावणेदोन: जेवण.
लघवीसाठीसुद्धा पाच-पाच मिनिटं धरलेली,
दोनदा.
कागदाला प्लास्टिकचं कव्हर होतं,
तेवढं मात्र शहाणपणाचं.

बंदी लागायला सहा दिवस उरले होते.
होडी वर ओढून जयवंत आमच्याबरोबर आला,
अंगाला डिझेलचा वास तसाच.
देवगडच्या अलीकडे, कातळ फोडून केलेलं पार्क.
आत प्लास्टिकचे माड, नारळ नसलेले.
कुणाच्या डोक्यात पडू नयेत म्हणून,
वेदूने लगेच समजावून सांगितलं.

फाटकावरच्या पोराने पिशवी उघडायला लावली.
बाहेरचं खाणं आत चालत नाही.
चार वाजता उठून केलेल्या चाळीस घावण्यांकडे
तो जरा जास्तच वेळ बघत राहिला,
मग म्हणाला, गाडीत ठेवा,
शिक्का मारतो, दाखवून कितीदाही बाहेर जा.
प्रत्येकाच्या मनगटावर निळा मासा उमटला.
जयवंतने हात उलटसुलट करून पाहिला.
"हो खयचो मासो?"

अकराला वेदूला भूक लागली.
कागद म्हणाला, थांब.
बाराला हर्षदाचं डोकं गरगरलं.
कागद म्हणाला, लिंबूपाणी, पण चालता चालता.
एकला आम्ही कँटीनशी पोचलो, तर
सगळ्या जिल्ह्याला एकलाच भूक लागलेली.
कुपनाची रांग, वड्याची रांग,
ओल्या कपड्यांत पंख्याखाली कुडकुडणारी पोरं,
आणि भावोजी घड्याळाकडे बघत,
"वीस मिनिटं मागे आहोत आपण,"
जशी पुढे कुठली बोट सुटायची होती.

जयवंत सकाळपासून पाण्यात उतरलाच नव्हता.
कट्ट्यावर बसून माणसं बघत होता,
खडपावर बसून पाणी बघतो तसा.
आता बोलला:
"हय आता भरती आसा. जरा सुकती होवंदे.
शिट्टी झाली काय सगळे थय धावतले."

दोनला शिट्टी झाली.
लाटा! लाटा! करत अख्खं कँटीन उठलं,
अर्धे वडे टाकून, चपला टाकून,
एका बाईने तर चहा तसाच धरून पळ काढला.
कावळे उतरले टेबलांवर.
आम्ही उलट्या दिशेने चालत निघालो.

फाटकाबाहेर एकच काजू शिल्लक होता, तोडायचा राहिलेला.
त्याच्याखाली चटई. घावणे, कोंबडीचं सुकं,
बाटलीतली सोलकढी, कोमट.
कुणी बोललं नाही बराच वेळ.
भावोजींनी सात घावणे खाल्ले,
आठवा घेताना माझ्याकडे पाहून हसले.
खाता खाताच वेदू झोपला, तोंडात घास,
आणि तीनचा आकाशपाळणा
तीन वाजता आमच्याशिवाय फिरला.
भावोजी त्याच कागदाने
वेदूला वारा घालत होते.

उठला तेव्हा त्याचा शिक्का घामाने पुसलेला,
नुसती शेपटी उरली होती.
फाटकावरच्या पोराने शेपटी पाहिली,
माझ्याकडे पाहिलं,
मी त्याच्या हातावर दोन घावणे ठेवले.
अख्खा मासा धरला त्याने.

पाचची शेवटची शिट्टी झाली तेव्हा
जयवंत उतरला. गुडघाभर.
दहा मिनिटं यंत्राने लाटा सोडल्या,
पोरं किंचाळली, मग यंत्र थांबलं,
पाणी जागच्या जागी हलत राहिलं थोडं.
माणसं बाहेर आली, टॉवेल झाले, नावांच्या हाका झाल्या.
तो आपला उभाच.
अहो, चला!
"पाणी खय जाता ता बघतय."
कुठे जाणार, मी म्हटलं, टाकीतलं आहे,
फिरून फिरून तेच.

तो वर आला. पाय पुसले.
पार्किंगपर्यंत गप्प होता.
मग गाडीचं दार धरून म्हणाला,
"म्हणजे ह्येका सुकतीच नाय?
मगे बिचारा जेवता कधी?"