थर एक

काझीच्या गढीची कड पुन्हा ढासळली
तेव्हा पालिकेने पिवळी दोरी बांधली
आणि आम्हाला दिले अकरा दिवस.
उरलेल्याची नोंद करा, असं पत्रात होतं.
उरलेलं वाचवा, असं कुठेच नव्हतं.

मी छेद काढतो, म्हणजे उभ्या चिरलेल्या मातीचं चित्र.
ओळंबा सोडायचा, आडवी दोरी ताणायची,
वीस सेंटिमीटरचा एक करायचा
आणि मग नुसतं बघत राहायचं
राखाडी कुठे संपतं, तांबूस कुठे लागतं.
तांबट आळीतून ठोके येतात.
त्या ठेक्यावर पेन्सिल बरी चालते.

सगळ्यात खाली काळी माती, माणसाआधीची.
तिच्यावर राख, आणि तांबड्या खापरावर काळी रेघ:
ज्याने ओढली त्याचा हात शेवटाला जरासा हलला.
त्यावर ते काळं चकचकीत खापर,
नखाने वाजवलं की धातूसारखं बोलतं.
मग विटा.
मग गाळाचा एक जाड पट्टा,
गोदावरी इथवर चढली होती कधीतरी,
तिला विचारून उपयोग नाही.

वरचा हातभर मी नेहमी पटकन उरकतो.
थर एक. आधुनिक. विस्कळीत.
आम्हाला तसंच शिकवलंय,
आणि ते अगदीच चूक नाही:
बॅटरीचा सेल, बांगडीचा तुकडा, गुटख्याची पुडी,
याला काय काळ लावायचा.

आठव्या दिवशी शेवंता पगारे
चाळण खाली ठेवून फळ्याजवळ आली.
चौदा रुपयांची माझी पेन्सिल बघितली, मग कागद.
"हे वरचं काय लिहिलंय?"
वाचून दाखवलं.
"विस्कळीत म्हंजे?"
म्हणालो, एकात एक मिसळलेलं. कुणी कुणी उकरलेलं.

ती दोरी ओलांडून गेली नाही.
अलीकडूनच चाळणीच्या काठाने दाखवत राहिली.
"ती पांढरट रेघ हाये ना, ओट्याचा कोबा तो.
सासऱ्यांनी घातला, शहाण्णव साली.
त्याच्याखाली काळं दिसतं ती आधीची चूल.
माझं लग्न झालं तेव्हा तीच होती.
आन् हे तुम्ही काय काढलं, तुटक तुटक?"
उंदराचं बीळ, म्हणालो.
"नळ आहे दादा तो.
पाइप भंगारात गेला, खड्डा राहिला.
पाणी आलं त्या दिवशी
अख्ख्या गल्लीत साखर वाटली आम्ही."

मी खोडरबर मागितलं. कुणाकडे नव्हतं.
चपातीच्या तुकड्याने पुसलं.

संध्याकाळपर्यंत थर एकचे पाच झाले,
१अ, १आ, १इ, १ई, १उ,
मुळाक्षरं गिरवल्यासारखे.
मॅडम आल्या. म्हणाल्या, तीन दिवस राहिलेत
आणि तुम्ही नळ काढताय.
मग बराच वेळ वाकून बघत होत्या.
"आधार काय?" एवढंच विचारलं.

आधाराच्या रकान्यात आम्ही लिहितो
नाणं, लेख, कोळशाचा नमुना.
मी लिहिलं: शेवंता पगारे.
थर १आ ते १ई मध्ये राहत होत्या.
सध्या पेठ रोडला, बहिणीकडे.

ओट्याचा एक तुकडा निघाला, तळहाताएवढा.
धुऊन, वाळवून, शाईने क्रमांक घातला.
वाटलं, ती मागेल, आणि मला नियम सांगावा लागेल.
तिने उलटसुलट करून बघितला, परत ठेवला.
"ठिवा तुमच्याकडंच.
आमच्याकडं भाड्याची खोली."
जाता जाता वळली:
"सासऱ्यांचं नाव टाका मात्र. ओटा त्यांचा होता."

तिकडे त्रिरश्मीच्या डोंगरात
एका कोळ्याने लेणं दान दिलं,
त्याचं नाव दगडावर आहे, वाचता येतं.
आमच्या फॉर्ममध्ये नावाला रकानाच नाही.

पुंजा सखाराम पगारे.
वीसास एक या मापात
ओटा भरतो जेमतेम चार मिलिमीटर.
नाव त्यात मावेना,
समासात गेलं.