केरेवाडीची टाचणी

मॅडमच्या खोलीत भिंतीवर जिल्हा टांगलाय,
अकरा तालुके, एका कडेने वाळवी लागलेले.
माझ्याकडे टाचण्यांचा डबा.
पिवळी म्हणजे चपटी गोगलगाय, चकलीसारखी गुंडाळलेली.
लाल म्हणजे टोकदार, उजवीकडे वळणारी.
तोंड आपल्याकडे धरून बघायचं, दार कुठल्या हाताला उघडतं.
पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं.
साखर पेठेत आई आयुष्यभर कांड्या भरत बसली,
सूत कुठल्या अंगाने फिरतंय
हे तिच्या बोटांना न बघता कळायचं.
माझी बोटं तेच करतात आता, ओल्यात.

बांबूला बांधलेली चहाची गाळणी,
लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, वही.
हिप्परग्याला पाणवनस्पतींच्या मुळांशी मूठभर सहज निघतात,
उजनीच्या फुगवट्याला तर दुपारी दोनला
मोजणंच सोडून दिलं होतं.

आणायच्या. एकेकीला काचेच्या नळीत ठेवायचं.
वर साठचा बल्ब,
दुपार झालीशी वाटली पाहिजे त्यांना.
तासाभराने पाणी जरासं गढूळतं
आणि भिंगाखाली दिसतात
शेपटीवाले स्वल्पविराम, शेकडो,
कुणाची शेपटी टोकाला दुभंगलेली,
वाक्य शोधत निघालेले.
वाक्य म्हणजे गुडघाभर पाण्यात उभी
एक काळी, शांत म्हैस.

गोगलगाय आणि पोटात पाय, म्हणतात लोक.
पाय परवडले असते.
जे असतं ते तिनं मागितलेलं नसतं,
आतून पोखरून निघते ती, अंडी घालायची थांबते.
मॅडमनी हे सांगितलं त्या दिवशी
मी डबा तसाच बंद केला.

दोन वर्षांत टाचण्यांची एक रांग झाली.
नकाशा जुना, त्यात कालवा नाहीच,
तो आम्ही गोगलगायींनी काढला.
रांगेवरच्या एका वस्तीत गुरुलिंग हत्तरकी म्हणाले,
पाणी आलं, ऊस आला,
मग बैल रात्रीचा घोरायला लागला.
आम्ही हसायचो, म्हणाले. माणसागत घोरतोय म्हणून.

केरेवाडी रांगेच्या बरीच खाली.
केरे म्हणजे कानडीत तळं.
तळ्यात पोरं क्रिकेट खेळत होती.
तरी मी गाळणी घेऊन उतरले, नियम आहे.
वहीत लिहिलं, शून्य.
काठावर शेळीचं दावं धरून बसलेली निंगव्वा म्हणाली,
"गावोगाव हिंडून काय धरतीस गं?"
सांगितलं. रोग सांगितला,
गळ्याखाली पाण्याची पिशवी लोंबणारी म्हैस सांगितली.
ती बराच वेळ गप्प.
"आमच्याकडं तेबी न्हाई का?"
"नाही."
"मग नकाशात आमच्या गावाला काय लावतीस?"
"काही नाही. नसलं की लावत नाही."
"लाव की एक. गाव हाय म्हणून तरी."

निघताना तळातलं एक ढेकूळ उचललं,
का, ते विचारू नका.
ओढणीत बांधून आणलं, ट्रेमध्ये फोडलं, पाणी ओतलं, विसरले.
चौथ्या सकाळी ट्रेच्या कडेवर एक ओली रेघ
आणि रेघेच्या टोकाशी ती,
दाराला लावलेला वाळका पापुद्रा फोडून आलेली,
तांदळाएवढी. उजवीकडे वळणारी.
किती दिवस दार लावून होती
ते मॅडमनाही सांगता येईना.
बल्बखाली ठेवली. पाणी स्वच्छ.
पुन्हा ठेवली, दुसऱ्या दिवशीही. स्वच्छ.

निंगव्वाच्या पुतण्याचा नंबर आहे वहीत.
दोनदा लावला, उचलायच्या आत ठेवला.
चांगली बातमी म्हणून सांगायची
की सांभाळून राहा म्हणून?
पुढच्या साली कालव्याची चारी तिकडे नेणार म्हणतात.

लाल टाचणी हातात आहे.
केरेवाडीचं नावच छापलेलं नाही इथे,
म्हणून शेजारच्या दोन गावांमध्ये पट्टी धरून
अंदाजाने मोजते आहे.