हातउसने

वाल्दिव्हियात, नदीकाठच्या प्रयोगशाळेत
रोज पहाटे चारला दहा कमी असताना
आमचा प्रोग्रॅम मरायचा.
आरडाओरडा नाही. लॉगमध्ये शेवटची ओळ:
मेमरी संपली.

वरचा मजला पायथनचा, माझा.
चार ओळींत भरती, दोन ओळींत ओहोटी,
कुणीही यावं, वाचावं.
खालचा मजला सी-चा, एलिसेओ पाइनेमालनं बांधलेला
मी शाळेत होते तेव्हा.
तिथं कुणी उतरत नसे.
वर चुकलं तर भाषा समजावून सांगते,
ओळ क्रमांक देते;
खाली चुकलं तर पायाखालचीच फळी जाते.

मार्चमध्ये तो निवृत्त झाला होता.
निरोप धाडला, तर फडक्यात पाव बांधून आला,
बंबात दोन ओंडके सारले,
चष्मा कपाळावर चढवला
आणि पडद्याला नाक लावून बसला.

"नियम दोनच, मिल्लाराय.
हातउसनं मिळालेलं परत करायचं नाही.
जे स्वतःचं म्हणून घेतलंस
ते मात्र आठवणीनं सोडायचं."

मला हसू आलं. हा कुठला व्यवहार?
माझी आई शेजारणीचं पीठ परत करते
ते वाटीला शीग लावून.
"इथं तसं केलंस," तो म्हणाला,
"तर शेजारीण घरात असताना
तिचं घर पाडतील."

प्रत्येक वस्तूच्या कपाळी एक आकडा असतो:
मला किती जणांनी धरलंय.
धरलं, एक वाढला. सोडलं, एक कमी.
शून्य झाला की जागा मोकळी,
आणि लगेच, त्याच जागी
दुसरं कुणी बिऱ्हाड मांडतं.
सुतक वगैरे काही नाही.

मग आम्ही एकेका ठाण्याचं नाव घेऊन विचारत गेलो.
निएब्ला: सात.
कोर्राल: नऊ.
पुंता रोब्ले:
बेचाळीस लाख तीन हजार एकशे अकरा.

बंबात लाकूड तडतडलं.

पुंता रोब्लेचं यंत्र आठ वर्षांपूर्वी वादळानं नेलं.
तार तेवढी राहिली.
तेव्हापासून मिनिटामिनिटाला ती सांगते
उणे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव,
म्हणजे: इथं समुद्र नाही.
एलिसेओचा कोड आधी नोंद बनवायचा,
नोंदीच्या मुठीत ठाण्याचं नाव द्यायचा,
मग आकडा पाहायचा, दचकायचा,
रिकाम्या हातानं वर परतायचा.
नोंद खालीच. मूठ मिटलेलीच.
आणि माझा कोड, खरं सांगायचं तर,
ती चूक गिळून पुढच्या मिनिटाकडे वळायचा.

ज्या धक्क्यावर आता मासेमारसुद्धा होडी लावत नाहीत
त्याला बेचाळीस लाख मुठी.

"तो खांब आम्ही रोवला," एलिसेओ म्हणाला.
"ओलेगारियो पाण्याखाली बोल्ट आवळत होता,
मी वर दोर धरून."
किती वेळ?
"तो वर येईपर्यंत."
मग पावाचा तुकडा मोडून
कितीतरी वेळ त्यानं तो खाल्लाच नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती.
परतण्याआधी नोंद सोडणं.
कीबोर्ड त्यानं माझ्याकडे सरकवला.
"तू लिही. मला तिथं सेमिकोलन दिसत नाही आता."
दिसत होता. मी लिहिली.

त्या रात्री मी घरी गेले नाही.
बाहेर मासळीबाजाराच्या पायऱ्यांवर
समुद्रसिंह डुकरांसारखे घोरत होते.
चारला दहा कमी. चारला पाच.
चार वाजून गेले, प्रोग्रॅम चालूच.
मी पुंता रोब्लेला पुन्हा विचारलं.

चार.

एक नकाशाचा. एक ठाण्यांच्या यादीचा.
एक जुन्या तक्त्याचा, तो राहू दे म्हणाला होता.
चौथा हात कुणाचा ते काही केल्या मिळेना.
सगळं धुंडाळलं, खालचा मजलाही.
उजाडताना लक्षात आलं:
किती जणांनी धरलंय असं विचारायलासुद्धा
वस्तू क्षणभर हातात घ्यावी लागते.
तो माझा होता.