पालथ्या घड्याचे गुण

दोन दारं एकाच वेळी उघडत नाहीत.
एकाचा खटका ऐकायचा, मग दुसरं.
मधल्या तीन पावलांच्या जागेत
खमीस माझं पेन मोजतो: एक.
कागद मोजत नाही.

सोहार. जूनचा घर्बी सुटलाय,
खिडकीला हात लावावा तर तवा.
बाहेर कुणी खजुराच्या घडांना पिशव्या बांधल्यात
आणि आत आम्ही जेवणानंतरचे चमचे मोजतोय.
चौदा दिले, चौदा आले,
मग सही. सिस्टर लिजीची.
सहायकाला किल्ल्या मिळतात, सही मिळत नाही.

फाईलचं पहिलं पान मी दर वेळी आधी वाचते.
बिष्णू चौधरी, वय सव्वीस, धनगढी.
खालच्या बंकवर झोपलेला.
लोखंडी पाईप, अडीच फूट.
वाचावंच लागतं,
कारण दुसऱ्या पानावरचा याकूब सरखोत, दाभोळचा,
"जेवलीस काय गो बाय?" म्हणतो
आणि माझ्या मावशीच्या दारात
कुणीतरी मासळीची पाटी उतरवतं.

डॉक्टर अस्मा म्हणाल्या, अरबी म्हणी त्याला नकोत,
इंग्रजी तर नकोतच. तुमच्या भाषेतल्या घे.
मग रात्री एसीच्या घरघरीत
आईला फोन लावून सात म्हणी काढल्या.
आई म्हणाली, शाळेत लागलीस का गं तिकडे?
हो म्हटलं.

नाचता येईना, अंगण वाकडं.
तो बराच वेळ हसला, आवाज न करता.
"आमचा आंगण वाकडाच होता.
खाडीकडं उतरता. हलदीला नाचताना
बापूस एकदा थेट माडाला जाऊन अडला."
शून्य.

अर्थ पोचला की दोन, अर्धा पोचला की एक.
वस्तू वस्तूच राहिली की शून्य.

पालथ्या घड्यावर पाणी.
"घडा पालथा कोन घालतो? धुतलेला घालतात.
सुकाय ठेवलाय तो.
त्याच्यावर परत पानी कशाला?"
माझ्याकडे असं बघितलं त्याने
की मीच ओतत होते.
शून्य.

आगीतून फुफाट्यात.
इथे थांबला.
औषधाने जड झालेली जीभ ओठांवरून फिरवली.
वारा काचेवर वाळू घासत होता.
"त्या राती," म्हणाला,
आणि माझं पेन कागदाला टेकलं,
"त्या राती कॅम्पात पानी नव्हता."
एवढंच.
उरलेल्या चार म्हणी मी विचारल्या नाहीत.
समासात लिहिलं, पाणी नव्हतं.
मग पहिलं पान आठवलं.
खोडलं नाही,
अधोरेखितही केलं नाही.

डॉक्टर अस्मांनी विचारलं, अंगण म्हणजे?
कोर्टयार्ड, म्हटलं.
तेवढ्यात त्यातला उतार गेला, सारवण गेलं,
माडाला अडलेला बाप गेला.
त्या समजुतीने मान हलवत लिहीत राहिल्या:
विचार मूर्त पातळीवर. अमूर्ताची जाण क्षीण.
खाली सही, हिरव्या शाईत.
चूक काहीच नव्हतं.
मीच तर गुण दिले होते.

गुरुवारी निरीक्षणाची पाळी माझी.
दर पंधरा मिनिटांनी काचेतून बघायचं
आणि लिहायचं.
मत नाही. दिसलं तेवढंच.

३.१५ भिंतीकडे तोंड.
३.३० अस्रची नमाज.
३.४५ पुन्हा भिंत.
४.०० प्लॅस्टिकचा पेला धुतला. दोनदा.
झटकला.
खिडकीच्या कट्ट्यावर
पालथा घातला.
४.१५ पेला तसाच.