दुसरा नंबर

वाळपईच्या मदरशात आज बक्षिसं वाटली.
तहूराला स्टीलचा डबा,
झाकणावर नाव; कोरणाऱ्याने 'हू' ऱ्हस्व केलेला.
पाठांतरात दुसरी.
पहिली खतीबांची धाकटी,
अडखळली, पण रडली नाही.

मी मागच्या चटईवर,
कारखान्यातून आले तशीच,
काजूच्या तेलानं काळी पडलेली बोटं
ओढणीत लपवून.

रात्री डब्यात चणे भरून झाल्यावर
तिनं अलिफ-बेचा जुना कायदा काढला.
अम्मी, आता तू. 'ऐन' म्हण.
घशातून. अजून खालून.
मी म्हटलं. ती खिदळली,
मग आपांसारखा चेहरा करून:
परत.

माझं बोट धरून अक्षरावर ठेवलं.
डाग पडेल गं.
पडू दे, म्हणाली,
कुठवर आलीस ते कळेल.