पायडल

रामबागेत, दवाखान्याच्या जिन्याखाली
सुलभा कापुरेचं दुकान : दीड माणसाचं.
एक ती. अर्धी मी,
फॉल लावायच्या साड्यांना टेकून,
मांडीवर वही.

ब्लाउजचं निमित्त संपून वर्ष झालं.
आता सरळच सांगते, वाचायला आलेय.
ती म्हणते, वाच की,
कान कुठे कामात आहेत.

पहिल्या दिवशी मी पहाटेपासून सुरू केलं.
खान नदीवरचं धुकं, धुक्याला तीन उपमा,
त्यातल्या एकीवर माझा फार जीव.
मशीन धावत होतं, जुनं, पायाचं, खडखडखडखड.
तीन उपमांत एक बाही शिवून झाली.

मग आलं ते वाक्य,
जे मी सिटी बसमध्ये, उभ्यानं, असंच लिहिलं होतं :
धाकट्या जावेनं कपाटाची किल्ली
तापत्या दुधात सोडली
आणि गॅस बारीक केला.

मशीन थांबलं.
बाहेर रिक्षावाला भाड्यावरून भांडत होता,
तो एकदम ऐकू आला.
सुलभानं दातांतला दोरा काढला.
"मग?"

दोन अक्षरं.
घरी जाऊन मी सगळं धुकं खोडलं.
(जीव असलेली उपमा मागच्या पानावर ठेवलीय,
सुलभाला माहीत नाही.)

त्यानंतर मी बिघडले.
दर पाचव्या ओळीला दार वाजू लागलं.
फोन यायचे, पलीकडून कुणी बोलायचं नाही.
एकाच मंगळवारी दोन माणसं मेली.
मशीन थांबलं.
थांबलं.
थांबलं.
चौथ्यांदा नाही थांबलं.

"नुसत्या टाचण्या लावत सुटलीयस," ती म्हणाली,
मान वर न करता,
"सिलाई कुठाय?
टाचण्यांवर कापड ट्रायलपुरतं राहतं गं.
बाईनं हात वर केला की गेलं."

राग आला. खूप आला.
तिच्यासाठी आणलेली जिरावणाची पुडी
तशीच पर्समधून परत नेली.
दोन महिने त्या गल्लीनं गेले नाही,
भाजीलासुद्धा लांबून.

शेवटी एक हूक तुटला. देवाची कृपा.
त्या दिवशी वाचलं ते असं :
सासरा पेन्शनचे पैसे मोजतो.
थुंकी लावून, तीनदा.
कारण मोजून झाल्यावर
जेवणापर्यंत करायला काही नसतं.
एवढंच. दार नाही, मढं नाही.

मशीन थांबलं नाही.
धावलंही नाही.
मी वहीवरून डोळे उचलले :
पायडलवरचे पाय तिनं काढून घेतले होते
आणि उजव्या हातानं चाक फिरवत होती,
एकेक टाका,
गळ्याच्या वळणाला घेतात तसा.

मी आवाज न वाढवता वाचत राहिले.
वर दवाखान्यात कुणाचा तरी नंबर पुकारला,
कुणी उठलं असेल, जिना वाजला,
चाक तेवढंच हळू.

पान संपलं.
पुडी काढून काउंटरवर ठेवली. ती काही बोलली नाही.
हूक लावला, दोरा तोडला,
नवं कापड घेतलं, सुई टेकवली, आणि म्हणाली,

"त्या किल्लीचं काय झालं गं?"

कसली किल्ली?

"दुधातली. सांगितलंच नाहीस तू.
मी सहा महिने दूध तापवताना बघतेय."

आता किल्लीचं मलाच ठाऊक नव्हतं.
मी वहीची पानं उलटल्यासारखं केलं.
सुई कापडात खाली तशीच ठेवून
ती माझ्याकडे बघत राहिली.