तेरसाबाई

तिचं खरं नाव त्रेस्या.
रेशनकार्डावर तेरसाबाई,
मतदार यादीत तेजाबाई, वय नऊ वर्षांनी जास्त,
आणि बोडीपलीकडच्या टोल्यावर नुसती शिस्टर.
दुरुस्तीचा अर्ज मी दोनदा आणला.
दोन्हींच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं
गरोदर बायांच्या तारखा मांडल्या.

टिनाची पेटी घेऊन बल्लारशाला उतरली तेव्हा एकवीसची.
मग छोटी लाईन, मग बंडी, मग पायी,
मिशनच्या दवाखान्यापर्यंत, जिथं डॉक्टर
महिन्यातून एकदा यायचा, आणि फादर
नाल्याला पूर नसला तर.
दोन वर्षांसाठी जाते, असं घरी सांगून आलेली.
रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान बघितलं
आणि वाटलं, म्हणे, फार लांब नाही आले.
एवढं एकच खोटं मी तिच्या तोंडून ऐकलं.

आमच्या झाडीत ळ नाही.
डोळ्याला डोरा, काळ्याला कारा.
शेजारची भिवराबाई जपमाळेला जपमार म्हणायची.
आई स्वतःचा ळ घेऊन आली, जड, ओला,
जिभेच्या पार मागून काढलेला.
बाया कण्हायच्या, करा येतेत वं शिस्टर.
कळा, ती म्हणायची. येऊ दे कळा.
कंदिलाखाली, एक हात पोटावर, दुसऱ्यात मणी,
शब्द सुधारते आहे की धीर देते आहे
हे कळायच्या आत मूल रडायचं.

काही रडायची नाहीत.
त्यांच्या कपाळाला ती बोटानं पाणी लावायची,
ओठांत काहीतरी पुटपुटत, कुणाला न विचारता.
मोठी झाल्यावर मी भांडले तिच्याशी,
कोणत्या हक्कानं, म्हटलं.
ती भाजी निवडत होती.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
पाणी कोमट करून घेत होते मी.

भांडणं पुष्कळ झाली.
मे महिन्याची तापली फरशी, संध्याकाळचे सात,
बाहेर पोट्टे विटीदांडू खेळायचे
आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर, पाचही दहाके.
बाबा, कंपाउंडर माणूस, नेमके तेव्हाच
बाटल्यांना लेबलं लावायला निघून जायचे.
तिनं त्यांचे दहाके वेगळे म्हटले, एकतीस वर्षं.

पवित्र गुरुवारी गावच्या तांदळाची भाकर वाफवायची,
वर शिंदीच्या पानाचा क्रूस.
भिवराबाईसाठी एक बिनक्रुसाची.
परसाद व्हय का हा? ती विचारायची.
तुझा आहे, आई म्हणायची,
आणि दोघी ओट्यावर बसून गूळ लावून खायच्या.
माझी लेक मधे घुसून विचारायची,
अम्मच्ची, क्रूसवाली गोड का बिनक्रुसाची?
सारखीच गं. कुणाला सांगू नको.

जानेवारीत गेली, धान चुरण्याच्या दिवसांत.
सातव्या दिवशी मिस्सा झाला,
काळी कॉफी दिली लोकांना. संपलं, वाटलं.
तेराव्या दिवशी पहाटे अंगणात गंज वाजले.
टोल्यावरचे सगळे, तिनं नाळ कापलेले,
आता टक्कल पडलेले, सुना आलेले,
तांदूळ, वांगी, सरपण घेऊन.
मी म्हटलं, आमच्यात तेरवी नसते.
काऊन नसते? माधो भोयर म्हणाला,
नावच तेरसाबाई हाय तिचं.
आणि त्यानं चूल पेटवायला घेतली.
तिखट फार होतं. फादरनं दोनदा घेतलं.

कबरीचा दगड नागभीडहून आला.
कागदावर मी लिहून दिलं होतं, प्रेमळ आई.
दगडावर आहे, प्रेमर आई.
भाऊ म्हणतो, परत पाठवू.
मी दोन्ही बाजूंनी विचार करते आहे.
दगड अजून दवाखान्याच्या ओट्यावर आडवा पडलाय.
चैत लागलाय, मोहफुलं पडतायत,
भिवराबाई ती त्याच्यावर वाळवते.
वारवते, तिच्या तोंडी.